चेतू गावाला निघाला तो दिवस

सोनालीने सासूला जिन्यावरून ढकललं. ही बातमी सुरतेच्या बमरोली भागातल्या त्या बिल्डिंगीच्या तिसऱ्या मजल्यावर दिवेलागणीला जन्मली. खाली पाण्याच्या मोटरपाशी येईतो शोभाबाईचा पाय मुरगळला होता, नाक्यावरच्या लोचोच्या नाश्त्याच्या गाडीपाशी तो मोडला, आणि पर्वत पाटियाला कुणाच्या तरी मावसभावाच्या फोनवर बातमी पोचली तेव्हा म्हातारीला दवाखान्यात टाके पडत होते.

शोभाबाईचे दोन्ही पाय शाबूत आहेत. ती जिन्यावर बसली ती स्वतःहून, पदर सावरून, पायरी हाताने झटकून बसली. आणि तिला खाली बसवलं ते सुनेच्या हाताने नव्हे, लेकाच्या मानेने. पण मानेकडे मागाहून येऊ. आधी शेव.

सोनालीचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं रीतीप्रमाणे माहेरी बुलढाण्याकडे झालं, दुसरं सासरचं, म्हणून शोभाबाई दोंडाईचाजवळच्या गावाहून डिंक, खारीक आणि मेथीचा डबा घेऊन सुरतेत उतरली. शेक दिला, धुरी दिली, सुनेचे कान रुमालाने असे करकचून बांधले की बिचारीला आपल्याच पोरीचं रडणं लांबून ऐकू यावं. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीदही दिली. ती गरज नव्हती. सोनालीला बाहेर जायचंच नव्हतं. आतही राहायचं नव्हतं. काहीच नव्हतं. मेन स्विच पडावा तसं तिच्या आत काहीतरी पडलं होतं. हातपाय मात्र चालू होते. बारकीला पाजायची, बारकीचं दुपटं बदलायची, अडीच वर्षांच्या चेतूच्या तोंडात घास कोंबायची, चेतूची चड्डी बदलायची, परत बारकी. एका पोराचं करताना दुसऱ्याचं करतोय असं वाटायचं. एकदा तर तिने चेतूलाच खांद्यावर टाकून ढेकर काढायला पाठ थोपटली. चेतूने ढेकर दिलासुद्धा. गुणी पोरगं.

खालच्या मजल्यावरची तारामावशी रोज सकाळी बाळ बघायच्या निमित्ताने वर यायची आणि बाळ सोडून सगळं बघायची.

"काय गं, बाळंतीण आहे का पुतळा? हास की जरा."

"चहा घ्या, मावशी."

"घेतला. कालही घेतला. तू सांगितलंस म्हणून परत घेऊ का?"

सोनालीने चहा ठेवला. पुतळ्याने चहा केला, हे तारामावशीने खाली जाऊन चार घरी सांगितलं.

त्या सकाळी बारकी चटईवर होती आणि सोनाली तिच्याशेजारी आडवी. झोपली नव्हती, डोळे उघडेच होते. चेतू शेवेची वाटी घेऊन आला, मांडी घालून बसला आणि एक शेव आपल्या तोंडात, एक बहिणीच्या तोंडात, असं त्याने न्यायाने वाटप सुरू केलं. सोनाली बघत होती. पहिली शेव ओठावर टेकली तेव्हाही बघत होती. मग तिचा हात गेला आणि करंगळीने शेव काढून घेतली. छातीत धडधड झाली नाही. पोटात गोळा आला नाही. फक्त एवढं मनात आलं, की आपल्या पोटात आता गोळा यायला हवा होता.

गोळा आला तो शोभाबाईला. मोरीतून बाहेर येताना तिने ते पाहिलं आणि भांडं टाकून धावली.

"अरे देवा! हाऊ पोऱ्या एक दिन घात करी!" तिने वाटी हिसकली, चेतूच्या पाठीत धपाटा घातला. चेतू रडला, बारकी रडली. सोनालीने दोघांना जवळ घेतलं, एक डावीकडे, एक उजवीकडे.

आणि तिथेच शोभाबाईचं ठरलं. तिला तसंही गावाला जायचं होतं. घरी म्हातारा नवरा हिलाल एकटा आणि म्हैस शोभाबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. संध्याकाळची उधना स्टेशनाहून गाडी होती. जायचंच आहे तर चेतूला घेऊन जावं. बिल्डिंगीत काय, अख्ख्या सुरतेत अशी कितीतरी घरं आहेत, दुसरं झालं की पहिलं आजीच्या कडेवर बसून गावाला जातं. वर्षाने परत येतं, तेव्हा आईला काकू म्हणतं. मग दोन दिवस सगळे हसतात.

सोनालीचा नवरा भूपेंद्र रात्रपाळी करून आला. तो लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, पंधरा वर्षं त्याच खटखटीत. तोंडात पाव, एका हातात चहा, डोळे अर्धे मिटलेले.

"भूपा," शोभाबाई गॅसपाशी कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून म्हणाली, "चेतूले मी गावले लई जास. वरीसभर राहू दे मनाजोडे. काय?"

भूपेंद्रने मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून घोरू लागला.

आता, लूमवाल्याची मान म्हणजे काय हे सुरतेत सगळ्यांना ठाऊक आहे. खात्यात शेट कानाशी येऊन ओरडला तरी शब्द पोचत नाही, म्हणून माणूस मान हलवून मोकळा होतो आणि पुढे काय होतं ते बघतो. हीच सवय घरी येते. सोनालीला हे लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं होतं, तिने माहेरी जाऊ का विचारलं, त्याने मान डोलावली आणि संध्याकाळी बायको कुठे गेली म्हणून तीन मजले शोधत फिरला. पण त्या दिवशी सोनालीने ती मान पाहिली आणि तिला वाटलं, ठरलं वाटतं. बास, एवढंच वाटलं. शोभाबाईला वाटलं, लेकाचं हो आहे, सून गप्प आहे म्हणजे तिचंही हो. असं तिघांचं एकमत झालं. त्यातला एक झोपेत होता.

दुपारभर पिशवी भरली. सोनालीनेच कपडे काढून दिले. चेतूचे तीन शर्ट, थंडीची टोपी, चड्ड्या. एका शर्टाला टिकल्या चिकटल्या होत्या, बाळंतपणाआधी ती घरी साड्यांना टिकल्या लावायची तेव्हाच्या. तिने त्या नखाने खरवडायला घेतल्या. निघेनात. तशीच घडी केली.

तारामावशी निरोपाला आली. "रडशील ना गं गाडी सुटल्यावर?"

"बघते."

"बघते काय? डोळ्याला पाणी येतं का टँकर मागवायचा?"

सोनालीने टोपी पिशवीत ठेवली.

संध्याकाळी शोभाबाईने पिशवी खांद्याला लावली, चेतूचा हात धरला. चेतूला गाडीत बसायचं होतं, तो खूश. चपला उलट्या पायात घालून टपटप गॅलरीतून निघाला. सोनाली बारकीला घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"आई, टाटा!"

"टाटा," सोनाली म्हणाली.

दोन पायऱ्या उतरल्यावर चेतू थांबला. त्याने मान वळवून आईकडे पाहिलं. काहीतरी मोठा व्यवहार मनात जुळवल्यासारखा चेहरा केला.

"बालकीला शेव नाय देनाल. कध्धीच नाय." मग थोडं थांबून, "आता येऊ घलात?"

शोभाबाई म्हणाली, "चाल, चाल, गाडी निंघी जाई."

सोनालीने बारकीला चटईवर ठेवलं. सव्वा महिना संपायचा होता, कान उघडे होते, रुमाल गळ्यात लोंबत होता. ती उंबरा ओलांडून गॅलरीत आली, जिन्यावर गेली आणि सासूच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. खालून तारामावशीला दिसलं ते एवढंच, हात आणि झटका. बाकीचं तिने स्वतःच्या पदरचं घातलं.

"काय व्हयनं व?" शोभाबाई गडबडली. "भूपा हो म्हने ना!"

आवाजाने भूपेंद्र बनियनवरच बाहेर आला. पाळीला जायची वेळ झालीच होती. "काय झालं? चेतू कुठे चालला?"

"गावले. तूच मान हालाई ना रे!"

"मी?" भूपेंद्रने डोकं खाजवलं. "मला वाटलं, तू आणखी पाव हवा का विचारतेस."

तेव्हा शोभाबाई बसली. पायरी झटकली आणि बसली. चेतू आजीच्या शेजारी बसून चपला काढू लागला, कारण आता कोणी कुठे जात नाही हे त्याला आधी कळलं.

म्हातारीचा राग लेकावर होता, पण लेक पाळीच्या डब्याकडे बघत होता. ती सुनेकडे वळली.

"मी काय पोऱ्याले मारी टाकनार व्हती का? दोन पोरं तुले झेपतस का? सकायपासून बघस, पोऱ्या गावले निंघी गया, अन् तुना डोयाम्हा पानी बी नही. तुले काहीच वाटत नही, तर त्याले ठेवी कसाले लेस?"

सोनालीने पिशवी काखेत मारली.

"नाही वाटत, आई. सध्या मला कोणाचंच काही वाटत नाही. बारकीचं नाही, तुमच्या लेकाचं नाही, तुमचं तर नाहीच नाही. पण हा एकटा गावाला गेला, तर त्याला वाटेल, आईला फक्त त्याचंच काही वाटत नव्हतं."