कडेगावचा नायट्रोजन

ज्यांचे उपकार मला फेडायचेत, त्यांत पहिलं नाव कडेगावच्या बाबूराव अण्णांचं. ते गुरांच्या दवाखान्यात गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करायचे. विश्रामबागेत मी ज्या मावशींकडे खोली घेऊन राहायचे, त्यांचे हे भाऊ.

त्या दिवशी लॅबमध्ये आमच्या सरांनी फोन ठेवला. "सुनंदा, नायट्रोजनचा टँकर येत नाही. प्लांट बंद पडलाय. परवापर्यंत पुरेल का?"

मी भांड्यात लाकडी पट्टी बुडवून काढली. पट्टीवर जिथवर बर्फ धरतो, तिथवर लिक्विड नायट्रोजन, म्हणजे बर्फाहून कितीतरी गार द्रव. बोटभरच बर्फ होता.

"उद्या सकाळपर्यंत, सर."

आमच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. त्यात पेशीच्या आतले कणसुद्धा दिसतात. पण जिवंत पेशी त्यात टिकत नाही. म्हणून ती गोठवायची, तीही इतक्या झटकन की पाण्याचे स्फटिक बनायला वेळच मिळू नये. मग आतलं सगळं जिथल्या तिथं राहतं. गारवा कमी झाला की स्फटिक धरतात आणि आतलं फाटतं.

पीएच.डी. करणाऱ्या मॅडमनी वर्षभर खपून तयार केलेल्या यीस्टच्या पेशी त्या भांड्यात होत्या. भांडं माझ्या ताब्यात. मी आठवीत शाळा सोडलेली, नोकरी टेंपररी. पेशी गेल्या की पाठोपाठ मीही लोणंदला घरी, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मावशी म्हणाल्या, अण्णांकडे असतो नायट्रोजन. लॅबच्या जीपनं कडेगाव गाठलं. अण्णांकडे दोन कंटेनर. मोठा दवाखान्यातला, छोटा गावोगाव न्यायचा. दोन्हींत नायट्रोजन आणि वळू-रेड्यांच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, म्हणजे बारीक नळ्या.

"छोटा घिऊन जा, पोरी," म्हणत अण्णा त्यातल्या कांड्या चिमट्यानं मोठ्यात हलवू लागले.

बाकावर एक शेतकरी बसला होता. "आवं डॉक्टर, मग उद्या माज्या म्हशीकडं कसं येणार?"

"मी न्हाई येत. म्हैस हितं आण."

"चार मैल? चालवत?"

"व्हय. भूक तरी लागंल तिला."

तो माझ्याकडं वळला. "ताई, तुमचं जनावर कंचं?"

"यीस्ट. पावात घालतात ते."

"पावापायी माजी म्हैस चालवताय व्हय?"

अण्णांनी कंटेनर जीपमध्ये ठेवला. तो कलंडू नये म्हणून शेतकऱ्यानं आपलं पोतं त्याच्या बुडाशी सारलं.

अण्णांचा नायट्रोजन आमच्या भांड्यात ओतला. टँकर आला तेव्हा पेशी शाबूत होत्या. पुढं फोटोत रायबोसोम दिसले, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारे कण. मॅडमना रडू आलं. सर म्हणाले, "फोकस अजून सुधारता येईल." माझी नोकरी टेंपररीच राहिली, पण राहिली.

तेव्हापासून नायट्रोजन निम्म्यावर आला की मी फोन करते. टँकर निघालाय म्हणाले, तरी विश्वास ठेवत नाही.

अण्णांची फेड बाकी आहे. त्यांच्याकडं कधी खडखडाट झाला, तर नायट्रोजन घेऊन मी जाणार. परमनंट असो वा नसो. सरांना विचारून का होईना, पण जाणार.