एका सेकंदाचा प्रतिस्पर्धी

भाऊसाहेब खुर्चीत बसले की आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "चल, जल्दी कर. विचार करायचं काम माझं."

टेंभुर्णीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. तिथल्या मशीनवर बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. भाऊसाहेब तालुक्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि बुद्धिबळात गावात कोणाकडूनही न हरलेले. त्यांचा नियम साधा होता. मशीननं एका चालीला एकच सेकंद घ्यायचा, त्यांनी स्वतः वाटेल तितका. एक प्यादं सरकवायला त्यांना दोन कप चहा लागायचा.

"भाऊसाहेब, त्याला बी थोडा टाइम द्या की," शेजारचा शिंपी म्हणायचा.

"कशाला? ते शिकलेलं हाये."

मशीनला घाई करणाऱ्या भाऊसाहेबांचा कचेरीतला लौकिक नेमका उलटा होता. तिथं प्रत्येक कागद 'विचारात' असे. माझ्या घरात कॉलेजचा अर्ज कोणाला भरता येत नव्हता, तो त्यांनीच भरून दिला. त्याला लागणाऱ्या दाखल्यावर सही आणायला मात्र दीड महिना लावला. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे, हे मी आजही कृतज्ञतेनं सांगतो. दीड महिन्यासकट.

जुन्या मशीनला एका सेकंदात जेमतेम चार चाली पुढचं दिसे, आणि भाऊसाहेब जिंकत. मग मी नवं मशीन आणलं. सेकंद तोच, पण याला त्यात आठ चाली दिसत होत्या. भाऊसाहेब एका दुपारी सलग तीन डाव हरले.

"सेकंद बराबर लावला का?"

"बराबर लावलाय."

"मंग हे असं काय करून राह्यलंय?"

शिंप्यानं बातमी पानटपरीपर्यंत पोचवली. भाऊसाहेब चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. मला राहवेना. चार चालींपलीकडे पाहायचं नाही, असं मी मशीनला गुपचूप बांधून टाकलं आणि त्यांना बोलावणं धाडलं. ते आले, जिंकले. शिंप्याला चहा पाजला.

पण जन्मभर कागदाच्या कोपऱ्यातले शेरे वाचलेला माणूस तो. आठवड्याभरानं त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर, मशीन किती चाली पुढं पाहतंय तो आकडा दिसतो तिथं, बोट ठेवलं.

"हा आकडा चारच्या पुढं का जाईना?"

मी माऊसची वायर सरळ करू लागलो.

"तू बांधलं याला?"

"हो, भाऊसाहेब."

शिंपीसुद्धा हसला नाही. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला.

"सोड त्याला. सेकंद बी काढ. घेऊ दे लागंल तेवढा टाइम. कोणाची घाई न्हाई."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला अर्ध्या तालुक्यानं आयुष्य घालवलं होतं.

त्यानंतर ते रोज हरायला येऊ लागले. एकदा डाव अर्धा असतानाच उठले. "छातीत जड वाटून राह्यलंय. उद्या बघू," म्हणाले. त्यांना जालन्याला नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

तेराव्यानंतर मी तो अर्धा डाव उघडला आणि कोण वरचढ आहे ते मशीनला विचारलं. वेळेची अट घातली नाही. सहा चाली खोल गेल्यावर ते म्हणालं, भाऊसाहेब हरतायत. नऊ चाली खोल गेल्यावर डाव बरोबरीचा झाला. अकरा चालींवर भाऊसाहेबांचं पारडं जड होतं.

ते बारावी चाल शोधायला लागलं, तेवढ्यात मी मशीन बंद केलं.