वेस्ताच्या फ्लेक्सवरचे नाचणारे

वेस्ता मेला तेव्हा कुठे तालुक्याला कळलं, की आपल्याकडे एक चित्रकार होता.

परवापासून स्टेटसवर स्टेटस. 'सातपुड्याचा अभिमान.'
यातल्या निम्म्यांनी त्याचं एक चित्र धड बघितलेलं नाही.

मी बघितलंय. मी शहाद्याचा ड्रॉइंग मास्तर, तो धडगावकडच्या पाड्यावरचा. आर्ट डिप्लोमाला आम्ही एकाच बाकावर होतो.

त्याची आई भिंत सारवायची, तेव्हा तिच्या पंजाचे अर्धगोल मातीत उमटायचे. वेस्ताने आयुष्यभर तेच काढले.
गेरू, पांढरी माती, काजळी. सहा-सहा फुटांचा कॅनव्हास, आणि त्यावर फक्त हात फिरल्याच्या खुणा.

एका सरकारी ऑफिसने भिंत रंगवायला बोलावलं. साहेब म्हणाले, "छान आहे, पण यात आदिवासी कुठंय?"

"मी उभा आहे ना साहेब."

काम गेलं.

मुंबईच्या गॅलरीवाल्या बाईंनाही ढोल आणि नाचणारी माणसंच हवी होती. ते प्रदर्शनही गेलं.

मग शहाद्याच्या स्टँडवर चहा पिताना मी शहाणपणा शिकवला. "टाकी दे ना दोन नाचनारा. तुन्हं काय जाई?"

त्याने कप खाली ठेवला. "तू बी हाईच बोली ऱ्हायना?"

वर्षभर माझा फोन उचलला नाही. बरोबरच केलं.

परवा काविळीने गेला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं काम माझ्याकडे आलं. दुकानदाराने विचारलं, "सर, मांगे काय टाकू?"

मी घाईत होतो. म्हणालो, "टाकी दे काहीबी आदिवासी."

त्याने वारली टाकले. गोल धरून नाचणारे. पुढे आमचा सातपुड्यातला वेस्ता आणि पाठीमागे पालघरकडचे वारली! मी न बघताच ओके पाठवलं.

आज तो फ्लेक्स त्याच्या दारात बांधलाय. त्याची आई त्या नाचणाऱ्यांकडे बराच वेळ बघत उभी होती. मग मोडक्या मराठीत तिने मला विचारलं,
"मास्तर, शेवटी त्याने लोकांचं ऐकलं काय?"

मी मान खाली घातली.
ती 'हो' समजली.

आणि मी तिला तसंच समजू दिलं. गाडी काढून शहाद्याला परत आलो. लाज वाटते स्वतःची.

मावशी, तुमच्या पोराने कोणाचंच ऐकलं नाही. माझंसुद्धा नाही. उद्या येऊन तुमच्यासमोर सांगतो आणि माझ्या हाताने तो फ्लेक्स उतरवतो.

वेस्ता, भावपूर्ण वगैरे लिहायची माझी लायकी नाही.
जा दोस्ता.