मॉरिसचा शॉकअप आणि माझ्या अक्षता

साधना माझी धाकटी जाऊ. तिच्या वडिलांचं द्वारका चौकात गॅरेज होतं, म्हणून तिची पोळी जाड होते, पण पाना अचूक बसतो. आबांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, तेवढंच पुरतं. बावीस वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी करते. त्यांच्या जुन्या मॉरिस गाडीला हात लावायची परवानगी मिळाली मात्र तिला. वहीत खोटं लिहू नये. जळतं मला.

मंगळवारी चांदवडला रेणुकामातेकडे जायचंय. गाडी मागून इतकी उसळते की आबांची कंबर धरते.

"शॉकअपमधलं तेल उतरलंय. भरून देते," साधना म्हणाली.

आज सकाळी तिने मागचं चाक काढलं, शॉकअप रॉकेलने घासून लख्ख केला. "आत कण जरी गेला ना आबा, तर वाट लागली."

"हिच्या हाताला गुण हाय," आबा मला ऐकू जाईल असं म्हणाले आणि गोळी घ्यायला आत गेले. शॉकअपचं बूच काढून तीही तेल आणायला गेली.

पूजा न करताच कामाला हात घातला, हे मला लागलं होतं. मी ताट आणलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. एक दाणा बुचाच्या भोकातून थेट आत.

कुणी पाहिलं नाही. साधना आली, पिचकारीने तेल सोडू लागली. मी ताट उचललं. बिघडलं तर नाव तिचं जाणार होतं. क्षणभर गोड वाटलं.

तेवढ्यात आबा बाहेर आले. "आता कंबर नाय धरायची. देवीच्या पायऱ्या या बारीला मीच चढणार."

"थांब गं," मी म्हणाले. "माझा तांदूळ पडलाय आत."

साधनाने पिचकारी खाली ठेवली. "ताई, शॉकअपला नैवेद्य?"

मग बोल्ट सोडून तिने तो उतरवला, उलटा केला. तेलाबरोबर दाणा आला, कुंकवाने लाल. पुन्हा तेल, पुन्हा हवा काढायला त्याचा दांडा वर-खाली, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. दुपार गेली.

संध्याकाळी चक्कर मारून आबा उतरले. "एकदाबी उसळली नाय! लय गुणाची पोर."

"ताईंनी सांगितलं म्हणून वाचलो, आबा."

"दाणा टाकला कुणी, तेबी सांग की!" आबा म्हणाले.

मंगळवारी गाडी तीच चालवणार. मी मागे, ओटीचं ताट मांडीवर घेऊन. आबांच्या कंबरेला नको, पण माझ्या बाजूने एखादा तरी धक्का बसावा, असं मनात आलं. देव्हाऱ्यासमोर कान धरले. विचार काही गेला नाही.