टाकीतला युरिया

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तसं म्हटलं तर मासे मेल्याची गोष्ट आहे — त्यात काय एवढं, असं तुम्हीही म्हणाल. पण थांबा जरा.

साल अठ्ठ्याऐंशी. मी जळगावला बी-बियाणं आणि खतांच्या दुकानात कामाला होतो. शेतकीची पदवी होती. शेतकरी कपाशीची पानं रुमालात बांधून आणायचे, मी ती उजेडात धरायचो आणि ऐटीत औषध सांगायचो. त्याच साली नानांच्या, म्हणजे वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. धरणगावचं शेत वाट्याने देऊन मी त्यांना जळगावच्या भाड्याच्या घरात आणलं. आई आधीच गेलेली, माझं लग्न व्हायचं होतं. मग नानांचं करायला शिंदखेड्याहून अक्का आली. अक्का म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण, विधवा. नाना चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली, तेव्हापासून त्यांना हिनेच भरवलेलं. आता म्हातारपणी पुन्हा तेच. वरणात भाकरी कुस्करायची आणि एकेक घास त्यांच्या डाव्या गालात सरकवायची.

नाना दिवसभर भिंतीकडे बघत पडायचे. जन्मभर शेत बघितलेला माणूस, त्याने भिंत किती बघायची? म्हणून माशांची टाकी करायचं माझ्या डोक्यात आलं. नुसते मासे नकोत, आत खरी झाडं हवीत — हिरवं दिसलं पाहिजे. काचवाल्याकडून दोन फुटांची टाकी करून घेतली. आणि पहिला शहाणपणा केला तो असा, की तळाला धरणगावची काळी माती घातली. झाडाला माती नको का? पाणी ओतलं आणि सगळा राडा झाला. चार दिवस गढूळच. मग ते उपसून गिरणा नदीची वाळू आणली, सात पाण्यांनी धुतली, तळ्यातलं पाणगवत लावलं. नळाचं पाणी दोन दिवस बादल्यांत ठेवून मग भरलं, एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी गप्पी आणि दोन सोनेरी मासे सोडले.

काय सांगू तुम्हाला — नाना हसले. वाकड्या तोंडाने, पण हसले. सकाळी उठले की आधी गवताकडे बघायचे, बांधावर उभं राहून पीक बघावं तसं. अक्का त्यांची खाट टाकीकडे वळवून द्यायची. तिलाही मासे फार आवडायचे. भाकरीचा चुरा, चिमूटभर पीठ टाकायची. मी एकदा तिच्यावर ओरडलो होतो, पाणी खराब होतं म्हणून. त्यानंतर तिने हात आखडता घेतला.

महिन्याभराने गवत पिवळं पडायला लागलं. नानांनी डाव्या हाताने खूण केली — पिवळं. बस, एवढंच. पण मला ते झोंबलं. अहो, सगळ्या तालुक्याला पिवळ्या पानांवर उपाय सांगणारा मी! कुणाला विचारायचं नाव नाही. दुकानातून मूठभर युरिया आणला आणि कपाशीच्या बुंध्याशी देतात तसा गवताच्या मुळाशी, वाळूत दाबला. मासे मनातसुद्धा आले नाहीत. मला फक्त पीक दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर मासे पोट वर करून तरंगत होते. बठ्ठे, एकूण एक. नाना रडत होते. धड रडताही येत नव्हतं त्यांना, नुसता घशातून आवाज येत होता. मी पाण्यावर वाकलो. तो अमोनियाचा वास — खताच्या दुकानात दिवस काढलेल्या माणसाला तो ओळखायला क्षण लागत नाही. मला कळलं. त्याच क्षणी कळलं, हे नीट ऐका. गैरसमज बिलकूल नव्हता.

नानांनी माझ्याकडे बघितलं. कुणी केलं, हेच विचारत होते ते. आणि मी अक्काकडे वळून म्हणालो, "किती वेळा सांगितलं, पीठ टाकू नको म्हणून!"

का म्हणालो? हसं होईल म्हणून? नाना "माझा पोरगा शेतकीचा पदवीधर" असं ज्याला त्याला सांगायचे म्हणून? काहीही असो, म्हणालो. आणि ती भांडली असती तर कदाचित — पण ती भांडली नाही. तिला ते खरंच वाटलं. स्वतःच्या हाताकडे बघत, त्यालाच दोष देत मला म्हणाली, "मी ते चिमूटभरच टाकं व्हतं रे भाऊ. मना हातच वाईट शे."

संध्याकाळी तिने घास पुढे केला आणि नानांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही फिरवलं. तिसऱ्याही. तिच्या हातचं त्यांनी पुन्हा खाल्लं नाही. मी दुकानात जायच्या घाईत त्यांना भरवायचो, अर्धं उशीवर सांडायचं, आणि ती दाराशी उभी राहून बघायची. त्या दिवसांत मला रोज तीन वेळा संधी होती. एक वाक्य बोलायचं होतं. महिनाभर ती थांबली, मग पिशवी भरून एसटीने शिंदखेड्याला गेली. नवऱ्याच्या मागे उरलेल्या एका खोलीत एकटी राहिली. वर्षाच्या आत नाना गेले. बहीणभावाचं धड बोलणं झालंच नाही. ती मातीला आली, लांब बसली, त्यांच्या तोंडात पाणी घालायलाही पुढे झाली नाही. मी तेव्हाही गप्प.

पुढे चार वर्षांनी ठरवून शिंदखेड्याला गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. ती थकली होती, पण मला बघून केवढी हरखली! चूल पेटवली, भाकरी केल्या, शेवेची भाजी केली. ताट मांडलं. आणि वाढायची वेळ आली तशी दारात जाऊन तिने शेजारणीला हाक मारली. "तू वाढ वं माय याले," म्हणाली, आणि स्वतः पदराखाली हात घेऊन भिंतीशी बसली. शेजारीण नेहमीचंच असल्यासारखी वाढू लागली.

मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. चांगली झालीय म्हणालो. आणि पाचच्या गाडीने परत आलो, न सांगता. त्याच उन्हाळ्यात ती गेली.