शालूताईंची गाडी आणि अक्कांचा मुक्काम

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पुतण्या रडत रडत सांगत होता, "काकू, आई झोपेतच गेली," आणि मी त्याला धीर देत होते. फोन ठेवला, पुन्हा मेथीसमोर बसले... आणि मला हसू आलं. अशी बातमी ऐकून हसू यावं हे काही बरं लक्षण नाही, पण करणार काय? डोळ्यांसमोर माझ्या मोठ्या जाऊबाई उभ्या राहिल्या त्या पदर खोचून, गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेल्या. चेहरा नाही, आधी पाठच दिसली. रडू नंतर आलं आणि भरपूर आलं. आता महिना होऊन गेलाय, तर त्या गाडीबद्दल लिहावं म्हणते.

सत्तर सालाच्या आसपास मी लग्न होऊन धरमपेठेतल्या घरात आले. शालूताई घरी शिवणाचे वर्ग घ्यायच्या आणि आसपासच्या सगळ्या शिलाई मशिनी त्यांच्याच हातून दुरुस्त व्हायच्या. त्यांच्या आईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का गांधीबागेत, एका कापडदुकानामागच्या खोलीत एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा नाही, गुडघे आखडलेले. शालूताईंचा सारा जीव त्या खोलीत अडकलेला असे. पण 'आमच्याकडे राहा' म्हटलं की अक्का कानाला हात लावायच्या. जावयाच्या घरी पोरीच्या आईनं चार दिवस पाहुणचार घ्यावा आणि निघावं, हा त्यांचा नेम. बरं, चार दिवसांसाठी तरी आणायचं कसं? टांग्याची पायरी त्यांना चढवत नसे. ऑटो तेव्हा नव्यानंच दिसू लागले होते, ते उलटतात असा त्यांचा ठाम समज. आणि सायकलरिक्षाचं नाव काढलं की म्हणायच्या, "माणसानं माणसाले ओढायचं अन् मी वर बसायचं? मले नाही जमत."

अशात एका सकाळी भाऊजींनी, म्हणजे शालूताईंच्या यजमानांनी, पेपरातली एक छोटी जाहिरात गंमत म्हणून वाचून दाखवली. कामठीचे कोणी साहेब बदली होऊन चालले होते आणि आपली जुनी गाडी मोडीच्या भावात काढत होते. भाऊजी वाचून विसरले, शालूताई विसरल्या नाहीत. गाडी न बघताच त्यांनी शिवणाचे पैसे पाठवून दिले. आठवडाभरानं गाडी आली ती बैलजोडीमागे दोरानं बांधून. सगळी गल्ली बघायला जमली. भाऊजी लाजेनं आत जाऊन बसले. शालूताईंनी मात्र बैलांना गूळ दिला, गाडीला कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "शिलाई मशीन उघडते ना मी? मंग हेही मशीनच आहे. जराशी मोठी आहे, एवढंच."

आता कोणीही शहाणा माणूस आधी इंजिन बघेल. शालूताईंनी आधी गाद्या शिवल्या. मोरपंखी कापड, त्याला पिवळी गोट, पाठीला झालर. का, तर अक्कांना नीट बसता आलं पाहिजे. इंजिनाचा पत्ता नाही आणि आत अशी बैठक की शिवणाच्या वर्गातल्या मुली तिथेच बसून डबा खायच्या. मग उन्हाळाभर इंजिन खोलणं चाललं. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा जोडणं चाललं. पहिल्या खेपेला जोडलं तेव्हा मूठभर नट उरले. "जास्तीचे देऊन ठेवले असन," म्हणाल्या. मी शेजारी पाना धरून उभी. आमच्या दोघींच्या साड्यांना रॉकेलचा वास लागला तो लागलाच. शेजारच्या निवृत्त ड्रायव्हरकाकांकडून त्या चालवायलाही शिकल्या, लायसन काढलं, आणि त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला अक्का आल्याच पाहिजेत असं ठरवून टाकलं.

आणि आणलं की हो. गांधीबागेत दुकानदार माप सोडून बाहेर आले. अक्का दार धरून हळूच आत बसल्या, गादीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. वाटभर शालूताई चालवताहेत, मी मागे बसून न लागणारं दार धरून ठेवलंय, आणि अक्का ओळख असो-नसो, रस्त्यावरच्या प्रत्येकाला हात जोडताहेत. फाटकात शिरताना गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली. ती खरंच बंद पडली होती, हे मी शपथेवर सांगते.

अक्का महालक्ष्म्यांचं जेवल्या, चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी विचारलं, "गाडी झाली का वं शालू?"

"नाही न अक्का. सामान कलकत्त्याहून येऊन राहिलं."

दिवाळी आली, गेली. सामान येऊनच राहिलं होतं. शालूताई रोज दुपारी बॉनेट उघडून आत डोकं घालायच्या आणि ठोकल्याचा आवाज यायचा. एकदा मी चहा घेऊन गेले, तर बाई एका हातानं पाना आपटत होत्या आणि दुसऱ्या हातानं फुटाणे खात होत्या.

"काहून हसून राहिली वं? जा, अक्काले सांग, काम चालू आहे."

मी सांगितलं. अक्का वाती वळत म्हणाल्या, "घाई नोको करू म्हणा."

घात केला तो भाऊजींनी, आणि तोही प्रेमापोटी. बायकोचे कष्ट त्यांना बघवेनात. एक दिवस शालूताई बाजारात गेल्याचं बघून ते चांगला मिस्त्री घेऊन आले. त्यानं कुठली तरी वायर घासली, किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरायला लागली. भाऊजी खुशीत. अक्का मात्र उठल्या, आत गेल्या. "माही पिशवी भर वं शोभा," मला म्हणाल्या. मी पातळाची घडी घालत होते आणि मला घडी जमत नव्हती. शालूताई भाजी घेऊन आल्या, सुरू असलेली गाडी बघितली, ओसरीवर पिशवी घेऊन बसलेली आई बघितली.

"तुम्हाले कोणं सांगितलं होतं हे?"

"अवं, तूच तर रोज डोकं खुपसून राहिली होती त्यात," भाऊजी भांबावले.

शालूताई मिस्त्रीकडे वळल्या आणि विचारलं, "घेता का तुम्हीच?" दोन उन्हाळे जिच्यासाठी घाम गाळला, ती गाडी गाद्यांसकट, झालरीसकट तो मिस्त्री घेऊन गेला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत शालूताई फाटक धरून उभ्या होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, "गाडी विकली, अक्का. दुसरी घेतली की सोडते तुले."

तेव्हापासून दर रविवारी शालूताई पेपरातल्या गाड्यांच्या जाहिराती अक्कांना वाचून दाखवू लागल्या. ही फार जुनी, ती फार लांबची, तिसरीचा मालक लबाड वाटतो. एका रविवारी मात्र अशी गाडी निघाली की खोट काढायला जागाच नव्हती. शालूताई वाचता वाचता थांबल्या. तेव्हा अक्काच म्हणाल्या, "रंग कोणता आहे? काळा? मंग नोको." जाहिरातीत रंग दिलेलाच नव्हता.

अक्का आमच्या घरात पुढे पुष्कळ वर्षं राहिल्या, तिथेच गेल्या. त्यांना कोणी पाहुणी म्हटलं नाही आणि राहायला आलेली असंही म्हटलं नाही. शालूताई अलीकडे नातवाच्या फोनवर जुन्या गाड्यांचे फोटो बघायच्या आणि एकेक नापास करायच्या.

त्यांचं तेरावं झाल्यावर माझी लेक मला मनीषनगरला तिच्या घरी घेऊन आली, चार दिवसांसाठी. ती शालूताईंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. काल मी म्हटलं, बाई, खूप झालं, आता मला घरी सोड. आजकाल फोन केला की दारात टॅक्सी उभी राहते, हे मलाही ठाऊक आहे आणि तिलाही. लेक पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी गॅरेजात आहे न आई. सामान यायचं आहे."

कुठून, ते मी विचारलं नाही.