बाबांची वाचा गेली ते आठ दिवस

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून बाबा लालबागला घरी आले, चहा प्यायले, साखर कमी आहे म्हणाले आणि त्यानंतर आठ दिवस एक अक्षर बोलले नाहीत. घोषणा देऊन घसा बसला असेल, असं चाळीने ठरवलं. पण बसलेल्या घशातून निदान घरघर तरी येते. यांचे नुसते ओठ हलायचे. मिलमध्ये कोणाला पत्ताच लागला नाही, कारण साच्यांच्या खडखडाटात तसंही कोणी बोलत नसे. आईने हळद-दूध दिलं, पाया पडली, शेवटी शिव्याही दिल्या. नवऱ्याची वाचा कायमची गेली म्हणून ती पार धसकली होती.

आठवा दिवस रविवार. नेहमीचा दवाखाना बंद, म्हणून काकांनी आम्हाला परळच्या एका इस्पितळात थेट अपघात विभागात नेलं. सगळे डोकी फुटलेले, हात मोडलेले, आणि त्यांच्यात आमचे बाबा, इस्त्रीच्या सदऱ्यात. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, जीभ ओढून पाहिली. सगळं ठीक. केसपेपरवर निदानाच्या जागी त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली सही केली. मला असा राग आला! एवढं तर मलाही काढता आलं असतं, मी सातवीत होते.

काकांनी चपला काढल्या, हात जोडले आणि गावच्या देवांना गाऱ्हाणं घालायला घेतलं. आमच्यात हे काम थोरल्याचं, म्हणजे बाबांचं. काका आजवर मागे उभे राहून फक्त होकार द्यायचे.

"बा देवचारा म्हाराजा..."

"व्हयऽ म्हाराजा!" सगळ्या खाटांवरून आवाज आला. निम्मं परळ कोकणातलंच. टाके घालून घेणाराही ओरडला. डॉक्टर त्याला म्हणाले, "हलू नका."

"आधी रवळनाथ!" बाबा गरजले. "देवचार मागसून! कितीदा सांगलंय तुका?"

वेशीवरच्या राखणदाराचं नाव ग्रामदेवाच्या आधी घेतलं, ही चूक खरीच होती. काकांनी कान पकडले. बाबांनी गाऱ्हाणं पहिल्यापासून स्वतः घातलं, खणखणीत. डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली. काही सापडलं नाही. प्रश्नचिन्ह तसंच राहिलं.

आई मात्र फरशीवरच बसली. "आठ दिस तुमच्या पाया पडतंय," ती म्हणाली, "माका एक शबुद नाय. आणि भावजींची चूक काढूक वाचा फुटली?"

मग तिने भोकाड पसरलं. इतके दिवस ती रडली नव्हती. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आता वाचा होती, आणि त्यांना बोलायला काही सुचत नव्हतं.